सदस्य जागेवर नाहीत

"सदस्य जागेवर नाहीत. पुढचा प्रश्न."

भिंतीवरच्या कर्ण्यातून सभापतींचा आवाज आला, आणि चहात साखर ढवळणारा महापौरांचा हात थांबला.

"सदस्य जागेवर नाहीत. पुढचा."

तसे ते आता महापौर नव्हते, खासदार होते. पण जुनं पद हळदीच्या डागासारखं असतं, कितीही धुवा, अंगावर राहतंच. राजधानीतल्या त्या लांबच लांब इमारतीत त्यांना ओळखणारी जी काही माणसं होती, तीही त्यांना 'महापौर' म्हणूनच हाक मारायची. थोडी आपुलकीनं, थोडी चेष्टेनं.

उपाहारगृहात ही गर्दी उसळली होती. आत्ताच त्यांच्या पक्षानं सभात्याग केला होता. समोरच्या बाकांवरून कुणीतरी त्यांच्या नेत्याच्या उंचीवर बोललं होतं. कर्तृत्वाच्या नव्हे, शरीराच्या. बस्स, एवढं निमित्त पुरलं. सगळे ताडकन उठले, घोषणा झाल्या, कागद भिरकावले गेले आणि बाकंच्या बाकं दाराबाहेर सांडली. सभात्याग हा तिथला सरावाचा खेळ होता. तापून बाहेर पडायचं, चहा घ्यायचा आणि निवून आत यायचं. चहा आणि राग साधारण एकदमच निवतात.

महापौर अर्धवट उठून पुन्हा बसले होते. कारण त्या दिवशी त्यांचा प्रश्न होता. इतक्या अधिवेशनांत पहिल्यांदा सोडतीत त्यांची चिठ्ठी निघाली होती. पण शेजारच्या बाकावरच्या वकिलानं बाही ओढली. म्हणाला, एकटेच बसलात तर प्रतोद उद्या तुमची खरडपट्टी काढतील, आणि तुमच्या आधी अजून तिघांचे प्रश्न आहेत, चहा होऊन परत येऊ. महापौरांनी मनाशी अंदाज बांधला. तिघांचे प्रश्न, त्यांची उत्तरं, उपप्रश्न, मंत्र्यांचं खाकरणं. वेळ भरपूर होता. ते उठले आणि गेले.

चूक झाली ती इथं. ते तिघंही त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याबरोबरच बाहेर पडलेले. त्यातला एक आत्ता त्यांच्या कोपराशी उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता. विचारणारा हजर नाही म्हटल्यावर प्रश्न कसले आणि उत्तरं कसली. दोरा तुटल्यावर मणी ओघळावेत तसे ते प्रश्न एकामागून एक ओघळून गेले.

मग सभापतींनी चौथा क्रमांक वाचला. महापौरांचं नाव वाचलं. नावाचा उच्चार चुकला, पण वाचलं. त्यानंतर कर्णा गप्प झाला. एखाद्या माणसाला खुर्चीवरून उठायला लागतो तेवढा वेळ.

"सदस्य जागेवर नाहीत."

महापौर धावले. या वयात, त्या गुळगुळीत फरशीवरून, कोटावर चहा सांडलेला. दारावरच्या म्हाताऱ्या शिपायानं अदबीनं दार उघडलं. ते बाकाशी पोचले तेव्हा समोरच्या मंत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, खांदे किंचित उडवले आणि पुढच्या उत्तराचं पान उलटलं. महापौरांनी हात वर केला. सभापती म्हणाले, मान्यवर सदस्यांनी बसून घ्यावं. मान्यवर सदस्य बसले.

बसल्यावर त्यांना आपलंच जुनं रूप आठवलं. महापौर असताना ते असेच उंच खुर्चीत बसायचे, आणि विरोधी नगरसेवक रुसून बाहेर गेले की भराभर त्यांचे प्रश्न पुढे ढकलायचे. वर मिश्किलपणे म्हणायचे, "दाराबाहेर जाऊन भांडणारा माणूस दाराशी भांडतो." सभागृह खो खो हसायचं. ते वाक्य शहरात इतकं गाजलं होतं की न्हाव्याच्या दुकानापासून शाळेच्या पटांगणापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी असायचं.

*

प्रश्न होता टेकडीवरच्या फाटकाचा.

शहराच्या कडेला एक टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी लष्कराचं कोठार. कोठाराच्या मधून एक सरळ रस्ता खाली शहरात उतरतो, बाजारात, शाळेत, इस्पितळात. एके काळी त्या रस्त्यानं शहराची बस वर जायची आणि तिच्यावर कंडक्टर असायचे हेच आपले महापौर. तेव्हा नुसते पोरसवदा कंडक्टर. फाटकाशी आले की ते दोरी ओढून घंटी वाजवायचे आणि पहारेकरी हसत हसत फाटक उघडायचा. पुढे कोठारात चोरी झाली. फाटक बंद झालं ते झालंच. टेकडीवरच्या लोकांना भिंतीच्या कडेकडेनं, ओढ्याला वळसा घालून, दगडधोंड्यांतून खाली उतरणं नशिबी आलं.

कंडक्टरचे युनियनचे पुढारी झाले, पुढाऱ्याचे नगरसेवक, नगरसेवकाचे महापौर. टेकडीवर त्यांनी नळ नेले, दिवे नेले, दवाखान्याची खोली नेली. फाटक मात्र हलेना. कोठार देशाचं, जमीन देशाची. शहराच्या महापौरानं तिथं कितीही डोकं आपटलं तरी टेंगूळ महापौरालाच.

आणि मग एका संध्याकाळी टेकडीवरच्या बेकरीवाल्याच्या छातीत कळ आली. महापौरांचा तो जुना दोस्त. बसच्या पहिल्या फेरीला गरम ब्रेडची पाटी तोच चढवायचा आणि तिकीट म्हणून एक ब्रेड कंडक्टरच्या हातात ठेवायचा. लोकांनी त्याला खाटेवर घातलं, फाटकाशी नेलं, विनवण्या केल्या. पहारेकऱ्याला हुकूम नव्हता. खाट वळसा घालून निघाली आणि ओढ्याच्या वळणावर बेकरीवाल्यानं डोळे मिटले. महापौर गेले तेव्हा त्याची बायको भट्टीपाशी बसली होती. भट्टी विझलेली. तिच्यासमोर उभं राहून महापौर म्हणाले, "वहिनी, हे फाटक जिथून उघडतं तिथं मी जातो."

लोकांनी त्यांना तिथं पाठवलं. टेकडीनं तर झाडून सारी मतं दिली.

तिथं गेल्यावर कळलं की ते सभागृह एवढं अफाट आहे की आपला आवाज आपल्याच बाकाखाली हरवतो. शहरात त्यांना गटारांची झाकणंसुद्धा ओळखायची. इथं तिसऱ्या वर्षीही कुणी दार दाखवत विचारायचं, आपण कोणाला भेटायला आलात? तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. प्रत्येक अधिवेशनाला तोच प्रश्न दिला. शेवटी चिठ्ठी निघाली. आदल्या दिवशी खुद्द मंत्री व्हरांड्यात भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, तुम्ही उभे राहून तोंडानं विचारा, मी सभागृहात 'फाटक उघडू' म्हणतो. सभागृहात दिलेला शब्द खात्याला पाळावाच लागतो. कागदावर मात्र माझे अधिकारी नकारच लिहिणार.

आणि तसंच झालं. ज्या प्रश्नाचा विचारणारा हजर नसतो, त्याचं उत्तर छापून मेजावर ठेवतात. संध्याकाळी महापौरांनी ते वाचलं. फाटक उघडण्याचा विचार आहे काय? नाही. असल्यास, केव्हा? प्रश्न उद्भवत नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक. पुन्हा चिठ्ठी निघायची आशा नव्हती.

*

त्याच दुपारी ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे थोरली बहीण, टेकडीवर राहायची. आई लवकर गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलं, शर्टांना इस्त्री करकरून कामावर पाठवलं. त्या दिवशी सगळी टेकडी न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीसमोर दाटली होती. अर्ध्या दाढीची माणसं खुर्चीत तशीच बसलेली. पडद्यावर गोंधळ दिसला, रिकामी बाकं दिसली, मग सभापतींनी आपल्या माणसाचं नाव घेतलेलं ऐकू आलं, आणि मग काहीच नाही.

"धाकट्या," ताईचा आवाज कापत होता, "बरं नाही का रे तुला?"

महापौर घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटले.

"आवाज बसलाय तुझा. ताप आहे का?"

"हं," महापौर म्हणाले.

एवढंच. एक अक्षर, तेही धड नाही. पण त्या अक्षराच्या आडोशाला ते शिरले, आणि सुटीच्या दिवशी टेकडीवर पोचेपर्यंत त्याचं घर झालं, घराला छप्पर आलं, दाराला कडी लागली.

ताईनं खाट खिडकीपाशी ओढून ठेवली होती. पायावर पांघरूण, उशाशी काढा. बायको गेल्यापासून शहरात आले की ते ताईकडेच उतरायचे, पण असा थाट कधी झाला नव्हता. त्यांनी एकदा म्हणून पाहिलं की आता बरं आहे. ताई म्हणाली, बरं आहे ते मी ठरवीन. आणि त्यांचे बूट काढून तिनं कपाटामागे टाकले.

मग माणसं येऊ लागली. शिंपी आला, शिंप्याची आई आली, दवाखान्यातली नर्स येऊन नाडी पाहून गेली आणि नाडी जोरात चाललीय म्हणाली. ती का जोरात चालली होती ते खाटेवरच्यालाच ठाऊक. प्रत्येकजण हातात काही ना काही घेऊन आला, कुणी फळं, कुणी मध. फाटकाचं नाव कुणी काढेना. आजाऱ्यासमोर असलं काही बोलू नये, असं ताईनं दारातच बजावलं होतं.

न्हावी मात्र तोंडाचा सैल. खाटेच्या कडेला टेकून त्यानं सगळी हकीकत रंगवून सांगितली. कसे सगळे बघत होते, कसं एक उपरं गिऱ्हाईक म्हणालं की तुमचा माणूसही गेला असेल बाहेर नारे देत, आणि कसं आपण त्याची अर्धी दाढी तशीच ठेवून त्याला वाटेला लावलं.

"मी म्हटलं, अरे, आमचा कंडक्टर फेरी पुरी झाल्याशिवाय बसमधून उतरला नाही कधी. तो जागेवर नाही म्हणजे त्याला उचलून नेला असणार इस्पितळात." न्हाव्यानं त्यांच्या पायावर थाप मारली. "बाहेर जाऊन दाराशी भांडणारा तू आहेस का? तूच शिकवलंस की ते आम्हाला."

महापौरांनी डोळे मिटून घेतले. न्हावी कुजबुजत म्हणाला की थकवा आहे, झोपू द्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. पण खाटेखाली जमीन घट्ट होती, आणि वर ताईच्या हातचं ऊबदार पांघरूण.

*

उन्हं कलली तेव्हा बेकरीवाल्या वहिनी आल्या. नवऱ्यामागं भट्टी त्यांनीच पेटती ठेवली होती. अंगाला भाजक्या पिठाचा वास, कोपरापर्यंत जुन्या चटक्यांच्या खुणा. त्यांनी काही आणलं नव्हतं. स्टूल ओढून बसल्या. ताई दिवा लावायला उठली.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. मनाला लावून घेऊ नका. फाटक काय, उघडेल नाहीतर नाही उघडणार. त्यासाठी तुम्ही जीव टांगणीला लावलात, हाडं झिजवलीत. त्यांनाही हे आवडलं नसतं. एक माणूस गेला तेवढा पुरे."

महापौर उठून बसले. पांघरूण बाजूला सारलं.

"वहिनी, मी आजारी नव्हतो."

ताईच्या हातातली काडी विझली. तिनं दुसरी पेटवली नाही.

"मग?" वहिनींनी विचारलं.

"बाहेर गेलो होतो. सगळे गेले, त्यांच्याबरोबर. आमच्या पुढाऱ्याला कुणी बुटका म्हणालं म्हणून."

मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून त्यांनी सगळंच सांगून टाकलं. बाही ओढणारा वकील, आपला चुकलेला अंदाज, मंत्र्यांनी द्यायचा ठरलेला शब्द. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. मंत्री हो म्हणणार होते हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच बसला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मांडीवरचं पीठ झटकलं. पीठ तिथं नव्हतंच.

"नाव पुकारलं तेव्हा कुठं होतात?"

"चहा घेत होतो."

"चांगला होता का?"

त्यांनी हे टोचायला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी सरळ विचारलं, जसं कुणी प्रवासाहून आलेल्याला विचारतं.

"घेतला नाही. सांडला."

"घ्यायचा होतात," वहिनी म्हणाल्या. "कुणाच्या तरी पोटात गेला असता."

ताई अंधारात तशीच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मग फोनवर मला हं कशाला म्हणालास?"

"तू विचारलंस, ताप आहे का. मला ते ऐकून बरं वाटलं, ताई."

ताईनं कपाटामागून बूट काढले, पदरानं पुसले आणि त्यांच्या पायांपाशी ठेवले. पुसले नसते तरी चाललं असतं. ते पुसणं त्यांना जास्त लागलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीत, सभागृहात मतदान होतं. प्रतोदांचा निरोप येऊन पडला होता की जो गैरहजर राहील त्यानं पुढच्या निवडणुकीच्या तिकिटाची आशा धरू नये. रात्रीची रेल्वेगाडी गाठायची तर आत्ताच निघायला हवं होतं. ड्रायव्हर दारात थांबला होता. वहिनींनाही खाली शहरात लेकीकडे जायचं होतं; लेकीचे दिवस भरत आले होते. महापौरांनी चाचरत विचारलं की गाडीत येता का. त्यांनी नको म्हटलं असतं तर ती महापौरांना शिक्षाच झाली असती. पण वहिनी हो म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, पण तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

वाटेत न्हाव्याचं दुकान लागलं. न्हाव्यानं हात उंचावून विचारलं, बरं वाटतंय ना? महापौरांनी गाडी थांबवायला सांगितली, काच खाली केली आणि त्यालाही सांगितलं. थोडक्यात, दोन वाक्यांत. न्हाव्याचा उंचावलेला हात खाली यायला जरा वेळ लागला. त्यानंतर त्याच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, आणि न्हाव्याला बोलायला काही उरलं नाही असं टेकडीवर कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी उतारावरून फाटकाशी आली. खासदार झाल्यापासून त्यांना कोठाराच्या रस्त्याचा पास होता, काचेवर चिकटवलेला. पहिल्या वेळी त्या रस्त्यानं जाताना त्यांनी मान खाली घातली होती. नंतर नंतर ते फोनमध्ये बघायचे. आता काही वर्षं झाली, फाटक कधी उघडतं नि कधी मिटतं, याकडे त्यांचं लक्षही नसायचं.

पहारेकरी तरणाबांड होता. त्यानं कडक सलाम ठोकला, मग मागच्या काचेतून आत वाकून पाहिलं, आणि अवघडला.

"साहेब, माफ करा. पास सदस्यांचा आहे. या बाईंचा नाही."

महापौर सांगू लागले की या माझ्याबरोबर आहेत, की मी जबाबदारी घेतो, की वरिष्ठांशी फोन जोडून दे. पहारेकऱ्याचा चेहरा रडवेला झाला. त्याला हुकूम नव्हता. अजून पुढचं वाक्य महापौर जुळवत होते, तोवर दुसऱ्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनी उतरल्या होत्या. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, पिशवी खांद्याला लावली.

"त्या पोराची नोकरी घालवाल तुम्ही," त्या खिडकीतून म्हणाल्या. "जा, गाडी चुकेल. मला वाट पाठ आहे."

आणि त्या भिंतीच्या कडेनं चालू लागल्या.

फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले. पलीकडे सरळ, गुळगुळीत, दिव्यांनी उजळलेला रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला शहर. पहारेकऱ्याचा हात कपाळाशी होता. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, निघायचं ना साहेब?

महापौरांनी त्याला पुढे व्हायला सांगितलं, खाली इस्पितळापाशी थांब म्हणाले, आणि उतरले. मालक नसलेली गाडी फाटकातून गेली. काचेवरचा पास पाहून पहारेकऱ्यानं सवयीनं मागच्या रिकाम्या गादीला सलाम केला.

भिंतीपलीकडे कोठार मुकं होतं, अलीकडे ओढ्याचा आवाज होता. पायाखाली दगड निसटत होते. पुढं वहिनींची आकृती अंधुक दिसत होती, एका अंगावर किंचित झुकत चालणारी. महापौरांना त्यांना गाठायचं होतं आणि गाठायचं नव्हतंही. बरोबरीनं चालायला तोंड कुठं होतं? म्हणून ते अंतर ठेवून मागून चालत राहिले, ठेचकाळत, भिंतीला हात लावत.

ओढ्याच्या वळणाशी वहिनी थांबल्या. हीच ती जागा. महापौरही थांबले. थोड्या वेळानं वहिनींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढे निघाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पण चालणं मात्र हळू केलं.